आपल्यात असलं काही नसतं

बाईंच्या गळ्यात दोन चष्मे असायचे. एक इंग्रजीचा, एक मराठीचा. दोन्हींचा नंबर एकच आहे हे मला चष्मेवाल्याकडून कळलं. मराठीच्या चष्म्याची काडी मोडली होती आणि ती बसवून आणायला बाईंनी मला पाठवलं होतं. तो म्हणाला, "बाईंना सांग, तोवर दुसरा लावा. सेम टू सेम आहे." मी जाऊन सांगितलं. "त्याला काय कळतंय? त्याने नुसत्या काचा बघितल्या," बाई म्हणाल्या, आणि चष्मा परत येईपर्यंत त्यांनी मराठीचं अक्षर वाचलं नाही. वर्तमानपत्रसुद्धा नाही.

त्या भाषांतर करायच्या. पोटासाठी कंपन्यांची माहितीपत्रकं, औषधांच्या खोक्यातले घडी घातलेले कागद, वॉशिंग मशीन कसं लावावं वगैरे. आणि जिवासाठी एक कादंबरी. मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा ती निम्मी झाली होती आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे निम्मी चुकली होती. गिरगावात ठाकूरद्वारच्या अलीकडे एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. एकट्याच राहायच्या. वय साठीच्या आसपास, केस बारीक कापलेले, रंग गोरापान, आवाज असा की त्या जिन्यात बोलायला लागल्या की तळमजल्यावरचा शिंपी मशीन थांबवून ऐकायचा. आता ती इमारत पडली आहे आणि बाई बोरिवलीला भाच्याकडे असतात. म्हणजे परदेशात, असं त्या स्वतःच सांगतात.

हाक काय मारायची यावरून आमचं पहिल्याच दिवशी वाजलं. मी काकू म्हटलं. "मी कुठल्या काकाची बायको?" मग मावशी म्हटलं. "तुझ्या आईला विचारलंस का, तिला बहीण हवीय का?" नावाने हाक मार, असा त्यांचा आग्रह. मी सोळा वर्षांची, परळची. साठीच्या बाईला नावाने हाक मारली असती तर आईने मला घरात घेतलं नसतं. शेवटी 'बाई'वर तडजोड झाली, तीही मी शाळेतल्या बाईंसारखं म्हणणार नाही या अटीवर. तसं म्हणजे कसं, ते मला अजून माहीत नाही.

मी त्यांच्याकडे गेले ते शिकायला किंवा वाचनाच्या आवडीने नाही. त्या वर्षी मी अकरावीत होते, दादरच्या कॉलेजात, आणि दिवाळीनंतर मी कॉलेजला जाणं बंद केलं होतं. बंक वगैरे नाही. सकाळी उठताच यायचं नाही. आई कामावर जायची, मी भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचे, ती संध्याकाळी यायची तेव्हाही तशीच. आंघोळ नाही, वेणी नाही. भूक लागायची नाही आणि झोप आली तरी लागायची नाही. रडू यायचं नाही. ते आलं असतं तर आईला निदान कळलं तरी असतं काहीतरी.

आई परळच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात केस पेपरच्या खिडकीत बसते. तेव्हाही बसायची. वडील मी लहान असतानाच गेले, त्यामुळे ही नोकरी म्हणजे आमचं घर. दिवसभर ती लोकांना नाव, वय विचारते, पेपर काढून देते आणि कुठे जायचं ते सांगते. हाडांचं डावीकडे, डोळ्यांचं पहिल्या मजल्यावर, मनोविकार मागच्या इमारतीत. यातला शेवटचा पत्ता ती जरा हळू आवाजात सांगते, समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. मी तिला एकदा म्हटलं, "आई, मला तिकडे ने ना. मागच्या इमारतीत." ती भांडी घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "तिथे सगळे ओळखतात मला." दुसऱ्या दिवशी तिने आमच्या मजल्यावर सांगून टाकलं की पोरीला कावीळ झालीय.

कावीळ तिने विचार करून निवडली असावी. लांबते, संसर्गाच्या भीतीने फार कोणी आत येत नाही, आणि त्यात लाज नाही. आमची चाळ पाडून त्याच जागी टॉवर झाला होता. आम्ही सोळाव्या मजल्यावर, पण माणसं चाळीतलीच. बायका उसाचा रस आणून द्यायच्या. कोणी बदलापूरहून काविळीवरची मुळी आणली. मी आतल्या खोलीत पडून ऐकायचे, आई कशी सगळ्यांना माझे डोळे आता पांढरे होत चाललेत म्हणून सांगतेय.

अशात आमच्या इमारतीखालच्या अभ्यासिकेत एक चिठ्ठी लागली. 'कादंबरीचं भाषांतर वाचून दाखवायला मुलगी हवी. वय चौदा ते सतरा. आवाज बरा असावा. स्वतःचं मत असावं. हुशार नको.' खाली गिरगावचा पत्ता होता. आईला त्यातलं 'हुशार नको' आवडलं. निदान घराबाहेर तर पडेल, असं तिला वाटलं असणार. अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिने मला बसने गिरगावात नेलं. काविळीतून उठलेली मुलगी हवापालट म्हणून अधूनमधून गिरगावात जाणार, असं मजल्यावर सांगितलं.

बाईंची पद्धत अशी की भाषांतर झालं की ते मुलीने मोठ्याने वाचायचं. बाई डोळे मिटून ऐकणार. मुलगी जिथे अडखळेल तिथे लाल खूण. "तू अडखळलीस म्हणजे मी चुकले." आणि स्वतःची चूक सापडली की त्या उभ्या राहायच्या. शाळेत शिक्षा केल्यासारख्या, खुर्चीमागे. चूक दुरुस्त होईपर्यंत बसायच्या नाहीत. एखाद्या दिवशी माझं तासभर वाचन आणि त्यांचं तासभर उभं राहणं, असंच चालायचं.

कादंबरी होती एका सोळा वर्षांच्या मुलीची. दूरच्या थंड शहरातली काळी मुलगी. आई वारल्यावर ती मावशीकडे राहायला येते, नव्या शाळेत तिच्यासारखी ती एकटीच, आणि हळूहळू ती बिछान्यातून उठेनाशी होते. एवढं बाईंनी मला आधीच सांगितलं. ऐकून मी चपला घालायला लागले.

कारण असं की, वर्गात मला एका देशाच्या नावाने हाक मारायचे. देश आफ्रिकेतला. ज्यांनी ते नाव ठेवलं त्यांना तो नकाशात सापडला नसता. हजेरीच्या वेळीही मागून कुजबुज यायची, आणि वर्गाच्या ग्रुपवर माझ्या नावापुढे त्या देशाचा झेंडा टाकायचे. गंमत म्हणूनच, सगळे हसायचे, मीही हसायचे. दिवाळीपर्यंत हसले.

"तुम्ही मला बघून बोलावलंत ना?" मी बाईंना दारातून विचारलं.

"बघायच्या आधी बोलावलं. बघून बोलावलं असतं तर म्हटलं असतं, केस विंचरून ये. बस."

मी बसले. त्यांनी पहिलं पान हातात दिलं. दुसऱ्याच ओळीत आलं, 'मी सावळी आहे, आणि या वर्गात माझ्यासारखी दुसरी कोणी नाही.' मी थांबले.

"का अडलीस?"

"ती सावळी आहे?"

"मग?"

"नाही, म्हणजे मूळ पुस्तकात काय आहे? खरंच सावळी?"

बाईंनी इंग्रजीचा चष्मा लावला, पुस्तक उघडलं, माहीत असलेली गोष्ट पुन्हा पाहिली. मग त्यांना अजिबात न शोभेल अशा आवाजात म्हणाल्या, "काळी कसं म्हणायचं गं एखाद्या मुलीला? बरं नाही वाटत."

"कोणाला?" मी म्हटलं. "सावळी मला माझी आत्या म्हणते. पुढे स्थळं येतील म्हणून आत्तापासून. वर्गात कोणी सावळी म्हणत नाही. ही सावळी असती ना, तर तिला कोणी छळलंच नसतं. मग तुमचं पुस्तक कशाला झालं असतं?"

कित्येक आठवड्यांत मी एका दमात एवढं बोलले नव्हते. बाई उठून खुर्चीमागे उभ्या राहिल्या. मग आम्ही दोघींनी कागदांचा सगळा गठ्ठा काढला आणि दुपारभर सावळीच्या जागी काळी करत बसलो. मी बसले होते, त्या उभ्या. मध्येच म्हणाल्या, "तिकडे हा शब्द नुसता रंगाचा नाही. त्यात ती माणसं आहेत, त्यांचा सगळा इतिहास आहे, अभिमान आहे. मराठीत तो अभिमान मी कुठून आणू?"

"ते तुम्ही बघा," मी म्हटलं. मत असावं, असं चिठ्ठीत लिहिलंच होतं.

तेव्हापासून ते वाक्य त्या माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घ्यायच्या. 'मी काळी आहे.' मी वाचायचे आणि त्या मान हलवायच्या. "शिवी वाचल्यासारखं वाचू नकोस. आडनाव सांगितल्यासारखं वाच." आडनाव सांगतानाही माझा आवाज खाली जातो, हे मी त्यांना सांगितलं नाही. कोकणस्थ बाईंना ते सुचण्यासारखं नव्हतं आणि सांगावं एवढी आमची ओळख झाली नव्हती.

प्रकाशकाचा फोन त्या नेहमी स्पीकरवर घ्यायच्या, शेजारपाजाऱ्यांचं मनोरंजन व्हावं म्हणून की काय. एकदा तो गयावया करत होता, "मॅडम, आपल्या वाचकांना नायिका आपलीशी वाटली पाहिजे. सावळी करा ना. गोड वाटतं." बाई म्हणाल्या, "गोड हवं असेल तर पेढे छापा." त्या प्रकाशकाकडे ते पुस्तक आलं नाही. पुढे दुसऱ्या एका लहान प्रकाशकाने काढलं, 'काळी'सकट. फार खपलं नाही.

बाईंची गोळी जेवणाच्या टेबलावर असायची, लोणच्याची बरणी आणि मिठाचं भांडं यांच्यामध्ये. कोणीही आलं की विचारलं नसताना माहिती मिळायची. "ही माझी डोक्याची गोळी. कित्येक वर्षं घेतेय. ही आहे म्हणून मी तुमच्याशी नीट बोलतेय." कुरिअरवाला घाईघाईने सही घेऊन सटकायचा. गॅसवाला मात्र एकदा बसला, पाणी प्यायला आणि गोळीचं नाव विचारून गेला. बाई त्या दिवशी फार खुशीत होत्या.

आता त्यांचं घोडं अडलं होतं ते त्या मुलीच्या आजारावर. आजाराला त्यांना शब्द हवा होता. नैराश्य त्यांना चालायचं नाही. "हा शब्द भाषणात शोभतो. नैराश्य आलेला माणूस कधी नैराश्य म्हणतो का?" म्हणून त्या दिसेल त्याला विचारत सुटायच्या, की बाबा, आजारी नाही, काही दुखत नाही, पण काहीच नको वाटतं, तर तू काय म्हणशील? बँकेतला कॅशियर म्हणाला, टेन्शन. टॅक्सीवाला म्हणाला, "डोकं आउट झालं म्हणेन." हे त्यांना आवडलं, पण मुलीच्या तोंडी बसेना. माझ्याकडे त्यांनी हा प्रश्न कधी टाकला नाही. तेव्हा मला वाटायचं, मी लहान म्हणून विचारत नसतील.

शेवटी खालच्या शिंप्याने सांगितलं. तो मालवणकडचा. मशीनवरून मान वर न करता म्हणाला, "माका आपला खंयच जीव लागना नाय."

कुठेच जीव लागत नाही, हे बाईंनी त्याला पुन्हा त्याच्या शब्दांत म्हणायला लावलं. मग विचारलं, "असं कोण म्हणायचं?"

"बापूस म्हणी. गिरण बंद पडल्यार."

"डॉक्टरला दाखवलंत?"

शिंपी हसला. "कसलो डॉक्टर? आमच्यात असला काय नसता."

बाई जिना कशा चढल्या ते मला कळलंच नाही. मी मागून धापा टाकत पोचले तेव्हा त्यांचं लिहून झालं होतं. कादंबरीत मुलगी मावशीला सांगते की मला डॉक्टरकडे ने, आणि मावशी तिला एका वाक्यात गप्प करते. ते वाक्य बाईंना काही केल्या मराठीत सापडत नव्हतं. ते आता फुकटात मिळालं होतं. "वाच," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून बसल्या.

मी वाचलं. "मावशी म्हणाली, आमच्यात असलं काही नसतं." आणि अडले.

"काय झालं? चांगलं आहे की."

"आमच्यात नाही म्हणणार ती."

"शिंपी तेच म्हणाला."

"तो तुम्हाला म्हणाला. बाहेरच्या माणसाला सांगताना आमच्यात म्हणतात. घरातल्या घरात नाही. मावशी भाचीला सांगतेय ना? मग ती म्हणेल, आपल्यात असलं काही नसतं."

बाईंनी डोळे उघडले. "तुला कसं माहीत?"

"आई असंच म्हणते."

बोलून गेले आणि मग कळलं काय बोलले ते. बाई उभ्या राहिल्या नाहीत, लाल पेनही घेतलं नाही. दोन्ही चष्मे काढून टेबलावर ठेवले. "कधी म्हणाली?" मग मी सगळं सांगितलं. भिंत, वर्ग, ग्रुपवरचा झेंडा, मागची इमारत, कावीळ. बाईंनी मध्ये एकदाही शब्द सुधारला नाही. शेवटी एवढंच विचारलं, "तुला जायचंय डॉक्टरकडे?"

"हो."

"बरं."

रविवारी त्या आमच्याकडे हजर. सोळाव्या मजल्यावर, हातात पुस्तक आणि पेढ्यांचा पुडा. आईने चहा केला, बुद्धाच्या मूर्तीखालच्या खुर्चीवर त्यांना बसवलं, नको नको म्हणत असताना पोहे दिले. बाईंनी सरळ विषय काढला. स्वतःचं सांगितलं, गोळीचं सांगितलं, पर्समधून पाकीट काढून दाखवलंही. ही शरमेची गोष्ट नाही, माझ्याकडे बघा, मी उघड घेते. पाहुण्यांसमोर घेते.

आई ऐकून घेत होती. मग म्हणाली, "मॅडम, राग मानू नका. तुम्ही गोळी टेबलावर ठेवता, लोक म्हणतात, विद्वान बाई आहेत, जरा विक्षिप्त आहेत. माझ्या पोरीने ठेवली तर काय म्हणतील माहितेय? म्हणतील, यांच्यात अशीच असतात पोरं. कितीही शिकवा. मी ती नोकरी कशी मिळवली ते माझं मला माहीत. तिथे रोज मला बघतात लोक. तुम्हाला परवडतं."

मी आतल्या दारात उभी होते. मला वाटलं, आता बाईंचा आवाज चढणार आणि सगळा मजला गोळा होणार.  पण पोह्यांची बशी खाली ठेवून बाई उभ्या राहिल्या. आईला वाटलं निघाल्या. मला माहीत होतं त्या का उभ्या राहिल्या ते. "तुमचं बरोबर आहे," एवढंच म्हणाल्या आणि थोड्या वेळाने खरोखरच निघाल्या.

मला बाईंचा राग आला. एवढा आवाज, एवढी मतं, आणि आईसमोर एक वाक्य धड बोलता आलं नाही. झालं, आता आपण आहोत आणि कावीळ आहे, असं मला वाटलं.

पण पुढच्या आठवड्यात बाई आईच्या खिडकीसमोर रांगेत उभ्या होत्या. त्यांचे वर्षानुवर्षांचे खासगी डॉक्टर ऑपेरा हाउसला, घरापासून चालत जाण्यासारखे. ते सोडून या बाई गिरगावातून बस पकडून परळला, सरकारी रांगेत. नंबर आला तेव्हा त्यांनी आईला ओळख दाखवली नाही. नाव सांगितलं, वय सांगितलं, आणि कुठला विभाग विचारल्यावर त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "मनोविकार." सगळ्या रांगेने ऐकलं. आईने पेपर काढून दिला.

मग त्या दर पंधरा दिवसांनी यायला लागल्या. जुना पेपर चालतो, नवीन लागत नाही, असं आईने सांगून पाहिलं. बाई म्हणायच्या, हरवला. आई घरी येऊन कपाळाला हात लावायची. "आज आल्या होत्या तुझ्या बाई. एवढ्या उन्हात ताटकळल्या. सांगितलं पुढे या, ज्येष्ठ नागरिकांची वेगळी रांग आहे, तर नाही म्हणे. वेड लागलंय त्यांना." आणि हे बोलल्यावर तिचं तिलाच कसंतरी व्हायचं.

मला बाई म्हणाल्या होत्या, "मी तुझ्या आईला काही पटवत नाहीये. मला तिथलं औषध चालतंय का ते बघतेय." त्यांचा हा खुलासा मी तेव्हाही खरा मानला नव्हता. मधल्या काळात वाचन चालू होतं. मी आठवड्यातून कधी दोनदा जायचे, कधी बिछान्यातून उठायचेच नाही. ज्या दिवशी जायचे नाही त्या दिवशी बाई फोन करून विचारायच्या नाहीत. दुसऱ्या वेळी गेले की पान जिथे राहिलं होतं तिथून पुढे.

एकदा संध्याकाळी आई तांदूळ निवडत बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आज बाईंच्या मागे आपल्या तळमजल्यावरची ती पार्लरवाली होती. तिच्या मागे आपल्या विहारात येतात ते काका, मुलाला घेऊन. मनोविकारच." तिने एक खडा वेचून बाजूला टाकला. "मी आजवर कधी बघितलंच नाही गं. पेपर काढून द्यायचे आणि पुढचा नंबर. निम्मे आपल्यातलेच असतात."

मी तिच्यासमोर बसून तांदूळ निवडायला लागले. बोलले असते तर ती तिथेच थांबली असती.

पुढे तिनेच मार्ग काढला. बुधवारी बाईंबरोबर ये. रांगेत उभी राहा. मी ओळख दाखवणार नाही, तूही दाखवायची नाहीस. अठराच्या आतल्या पेशंटसोबत मोठं माणूस लागतं, तिथे बाई त्यांचं नाव सांगतील. पत्ताही त्यांचाच द्यायचा, गिरगावचा. बाईंना फोन करून तिने त्यांच्याकडून हे सगळं पाठ करून घेतलं. त्या हो म्हणाल्या. मला त्यात काही गैर वाटलं नाही. डॉक्टरकडे जायला मिळत होतं, कोणाची मुलगी म्हणून का होईना.

बुधवारी आम्ही रांगेत होतो. बाईंनी त्या दिवशी चक्क साडी नेसली होती आणि त्या सकाळपासून गप्प होत्या. रांग सरकत होती. खिडकीच्या काचेतून आई दिसत होती, मान खाली, हात कीबोर्डवर. घरी असते त्याहून ती इथे म्हातारी दिसते, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

आमचा नंबर आला.

"नाव?" आईने विचारलं. वर पाहिलं नाही.

मी सांगितलं. पूर्ण. आडनावासकट.

"वय?"

"सोळा."

"विभाग?"

"मनोविकार."

तिने टाइप केलं. कीबोर्डचा आवाज आधीच्या नंबरांच्या वेळेपेक्षा हळू येत होता. "पत्ता?" मी गिरगावचा सांगितला. तोही तिने घातला.

"सोबत कोण?"

इथे बाईंनी बोलायचं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. बाईंनी मराठीचा चष्मा काढला होता आणि पदराने त्याची काच पुसत होत्या. सावकाश, एक काच झाली की दुसरी. त्यांना ऐकू आलं नाही असं होणं शक्य नव्हतं.

"सोबत कोण आहे?" आईने पुन्हा विचारलं, आणि या वेळी वर पाहिलं. माझ्याकडे नाही, बाईंकडे. बाई काच पुसत राहिल्या.

मागून कोणीतरी ओरडलं, "अहो, सांगा ना लवकर! आम्ही काय दिवसभर उभे राहायचं?"  बाईंचं नाव मीच सांगणार होते, तेवढ्यात आईकडे लक्ष गेलं. आई काचेपलीकडे, मी अलीकडे. तिचा चेहरा मला कधी दिसला नव्हता इतका उघडा दिसत होता. ती घाबरली होती. माझी आई घाबरते, हे मला माहीतच नव्हतं.

मग तिने पत्ता खोडला. परळचा टाकला. मजला, खोली क्रमांक, सगळं. त्याखाली स्वतःचं नाव टाइप केलं आणि प्रिंट दिली. शेजारच्या खिडकीतल्या माणसाने सवयीने तिच्या स्क्रीनकडे वाकून पाहिलं. "ए, चुकून तुझंच नाव टाकलंस बघ."

"चुकून नाही. माझी मुलगी आहे," आई म्हणाली. ती खुर्ची मागे सारून उठली. "माझी लाइन घे जरा. तिला डॉक्टरांकडे न्यायचंय."

"काय झालं गं तिला? कुठल्या डॉक्टरांकडे?"

आईने सांगितलं. रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.